नाळेवरचा कठडा

सहा दिवसांनी गुराबेची, म्हणजे जुन्या लढाऊ जहाजाची, लाकडी प्रतिकृती पोचती करायची होती आणि त्या दुपारी मी तिच्या नाळेवरचा, म्हणजे पुढे आलेल्या टोकावरचा, कठडा काढून टाकला. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

काम एका संस्थेचं. मराठा आरमारातली दोन डोलकाठ्यांची गुराब, प्रमाण १:४८, म्हणजे खऱ्या जहाजावरचे चार फूट माझ्या टेबलावर एक इंच. समोर ठेवून बघायला जहाज उरलेलं नाही. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रजांच्या माऱ्यात आधी पेटलं ते आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकून आणलेलं ‘रिस्टोरेशन’, आणि तिथून आग बाकीच्यांवर गेली. आपल्या मिस्त्र्यांचं सगळं माप डोळ्यात आणि हातात, त्यामुळे बांधणीचा नकाशा मला कुठे बघायला मिळाला नाही. मोठा आधार म्हणजे अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलेलं गुराबेचं वर्णन. दोन डोलकाठ्यांची असेल तर दीडशे टनांपर्यंत, लांबीच्या मानाने खूप रुंद, उथळ पाण्यात चालणारी. पुढे निमुळती होत गेलेली आणि टोकाला लांब बाहेर आलेली सपाट नाळ. नाळेच्या मागे फळ्यांची आडवी भिंत, भिंतीला दोन झरोके, आणि त्यांतून नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या, नऊ किंवा बारा पौंडांचा गोळा टाकणाऱ्या दोन तोफा.

लाकडावरून संस्थेशी पहिला वाद झाला. त्यांना साग हवा होता, कारण जहाजं सागाची होती. पण सागाच्या रेषा काही लहान होत नाहीत. १:४८ मध्ये त्या दोरखंडाएवढ्या जाड दिसतात आणि जहाज खोक्यासारखं वाटतं. मी हेद वापरला. अंगाने पिवळसर, रेषा बारीक, एक मिलिमीटरची पट्टी गरम पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर दाबली की न तडकता वळते. पट्टी वाकवण्याआधी ती पुढच्या टोकाकडे निमुळती तासावी लागते, नाहीतर नाळेपाशी सगळ्या फळ्या एकमेकींवर चढतात. त्या निमुळतेपणावर माझा जीव आहे. वांकांवर, म्हणजे जहाजाच्या फासळ्यांवर, बसलेली एकेक फळी बोटाने चाचपून बघतो, कुठे उंचवटा लागला तर काढून पुन्हा घालतो. संस्थेतल्या कागदपत्रं सांभाळणाऱ्या साहेबांना हे कधीच कळलं नाही. त्यांना दर आठवड्याला फोटो हवा होता.

नाळेवरचा कठडा त्यांच्याच आग्रहाचा. पुढचा भाग ‘ओका’ दिसतो म्हणाले. मलाही तो तसाच वाटला होता, हे खरं. बावीस खांब कोरले, वर कमान घातली. फार सुरेख झाला होता.

त्या दिवशी आमच्या वाडीतले मिस्त्रीकाका आले. उभं आयुष्य होड्या बांधण्यात गेलेला माणूस. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कठड्यावर नख ठेवून म्हणाले, “रे, नाळेर इल्लां पाणी खंयसून जातलां?”

मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. गुराबेचं तोंड लाटेत बुडतं तेव्हा पाणी नाळेवर चढतं. ते दोन्ही अंगांनी तसंच वाहून जावं म्हणून ती नाळ उघडी, तिला बाजू नाहीत. ऑर्मने हेच लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं होतं, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष तोफांवर होतं. मग तोफेच्या तोंडात दोन मिलिमीटरची पितळी तार सरळ घालून पुढे सरकवली. नाळ निमुळती असल्यामुळे दोन्ही बाजूंचे कठडे टोकाकडे जवळ येतात. तार डावीकडच्या सातव्या खांबाला जाऊन भिडली. उजवीकडेही तसंच. पहिल्याच गोळ्यात आपलाच कठडा उडाला असता.

साहेबांना फोन केला. म्हणाले, “राहू द्या हो, कोणाला कळणार आहे?” हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी तेवढाच राग येतो. मुलं रांगेने येऊन हे जहाज बघणार आहेत. त्यांच्या मनात गुराब म्हणजे हीच बसणार.

कठडा काढला. बावीस भोकं हेदाच्या खुंट्यांनी बुजवली, घासली, तेल दिलं. खरं तर नाळेवरच्या फळ्याच बदलायला हव्या होत्या. त्याला दहा दिवस लागले असते आणि मी मुदत पाळली. काचेच्या पेटीत वरून दिवा आहे तोवर काही दिसत नाही, पण संध्याकाळी खिडकीतून उजेड तिरका आला की खुंट्यांची गोल तोंडं एका ओळीत उठून दिसतात. मी स्वतः जाऊन पाहिली.

दहा दिवसांसाठी गुराब परत द्या, पैसे नकोत, असं पत्र मी संस्थेला पाठवलंय. फळ्या कापून, निमुळत्या करून तयार ठेवल्या आहेत.