"कुणी केलं?" विचारलं की माहिती आटते

मशीन शॉपमध्ये रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढला की शिफ्ट बदलताना पहिला प्रश्न येतो, "कुणी केलं?" चाकण, भोसरीत हे रोजचं आहे. शाफ्टचा व्यास 25.00 ± 0.02 मिमी हवा आणि मायक्रोमीटरवर 25.04 आला, तर इन्सर्ट (धातू कापणारी, बदलता येणारी धार) झिजला असेल, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) चुकला असेल, कूलंट (थंड ठेवणारं द्रव) नीट पडत नसेल. हे सगळ्यात आधी कळतं ते ऑपरेटरला. चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला, तर पुढच्या वेळी शंकेचा पीस तो पिवळ्या ट्रेमध्ये ठेवणार नाही, चांगल्या मालात सरकवेल. मग तो पीस थेट ग्राहकाकडूनच परत येतो.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेली 'पाच वेळा का' ही पद्धत, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत 'का' विचारत जाणं, आपल्याकडच्या बऱ्याच व्हेंडरांच्या (सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या) फॉर्मवर असते. पण तो 'का' माणसाला विचारला जातो. "चेक का नाही केलंस?" यावर उत्तर ठरलेलं, "सॉरी साहेब, लक्ष नव्हतं." फॉर्मवर कारण पडतं 'ऑपरेटरचं दुर्लक्ष', उपाय 'समज दिली', आणि इन्सर्ट तसाच राहतो! त्याऐवजी पीसबद्दल विचारा. माप कितव्या नगापासून सरकलं? इन्सर्ट कधी बदलला? बारचा (कच्च्या सळईचा) नवा लॉट लागला का? इन्सर्ट 200 नगांना बदलायचं ठरलेलं असतं आणि कडक मटेरियलमुळे धार 150 लाच गेलेली असते. अशी कारणं या प्रश्नांतूनच निघतात.

कौतुकाचंही तेच. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगांत पैसे मिळाल्यावर विद्यार्थ्यांचा कोड्यांतला रस घटला, तोंडी शाबासकीने मात्र वाढला. पण नुसतं "छान, चालू द्या" फार काळ पुरत नाही. "60 व्या नगाला माप सरकतंय हे तुम्ही पकडलंत, म्हणून लॉट वाचला" असं नेमकं बोला, आणि पुढच्या शिफ्टसमोर बोला.

नवा डिप्लोमावाला सुपरवायझर वीस वर्षं मशीनवर असलेल्या माणसाला अरे-तुरे करतो, हे मला अजिबात पटत नाही. त्या जुन्या माणसाकडून मिळणारी बारीकसारीक सूचना त्या दिवसापासून बंद होते. कंत्राटी कामगारालाही 'ए भैया' नको, नावाने हाक मारा. मराठी येत नसेल तर हिंदीत सांगा, चांगला आणि वाईट पीस शेजारी ठेवून दाखवा आणि मग त्यालाच मोजायला लावा. "समझ गया?" विचारलं की सगळेच मान हलवतात.