शिट्टीच्या आधीच
आज तालुक्याच्या मैदानावर पुतणी शंभर मीटरला शिट्टीआधीच सुटली. बाद! चिखलाचे पाय घेऊन माझ्या गाडीवर बसली, गावापर्यंत चकार शब्द नाही. म्हटलं, २०११ ला दक्षिण कोरियात देगूच्या जागतिक स्पर्धेत, शंभर मीटरच्या फायनलला उसेन बोल्टबी असाच बाद झालता. मोठ्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललं तरी चूकच धरतात.

तर म्हणती, "काका, तुम्ही बी मृगाच्या पहिल्या सरीवरच सोयाबीन पेरलं की."

खरंय. ७५-१०० मिलिमीटर पडल्याबिगर पेरू नका, कृषीवाले कानीकपाळी ओरडत होते. शेजाऱ्याचं ट्रॅक्टर वावरात दिसलं अन् मला दम निघाला नाही. चार बोटं उगवलं, करपलं. आता दुबार पेरणी, तीबी उधारीवर.

बोल्टला निदान बियाण्याची पिशवी तरी परत घ्यावी लागली नव्हती.