वडशाहून आलेली टेप

आम्ही पाठवलेल्या सेल्फ टेप, म्हणजे घरीच मोबाईलवर शूट केलेल्या ऑडिशन, खरंच कुणी बघतं का, असं ॲक्टर लोक भेटले की हमखास विचारतात. बघतो. मी वर्सोव्यात एका कास्टिंग टीममध्ये असोसिएट आहे, आलेली टेप आधी माझ्याकडे येते आणि मग डिरेक्टरकडे जाते, त्यामुळे हे खात्रीने सांगतेय. शेवटपर्यंत बघतो का, ते मात्र पहिल्या दहा-पंधरा सेकंदांवर ठरतं. गेल्या वर्षी श्रावणात एक दिवस असा गेला की त्यानंतर मी प्रत्येक नवीन ॲक्टरला तोच किस्सा सांगत असते.

वेब सिरीज होती, गोष्टीतलं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. पतसंस्थेचा वसुलीवाला शेतकऱ्याच्या घरी येतो, शेतकरी घरी नसतो, बायको असते, असा दोन पानांचा एकच सीन. रोल छोटा पण पुढचा अख्खा एपिसोड त्याच्यावर. ज्याला लॉक केलं होतं त्याच्या तारखा नाटकाच्या दौऱ्यात अडकल्या, त्याने सकाळी कळवलं आणि शूट तर तोंडावर आलेलं. मग ब्रीफ, म्हणजे रोलची माहिती आणि सीन, परत सगळीकडे फिरवलं, संध्याकाळी सहापर्यंत टेप पाठवा म्हणून.

दुपारपासून टेपचा पाऊस सुरू झाला. आणि काय सांगू, नव्वद टक्के लोकांनी तो माणूस व्हिलन करून टाकला होता. भुवया चढवलेल्या, आवाज चढवलेला, "सही करा" म्हणताना कॅमेऱ्याकडे बोट. गाव विदर्भातलं म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बे" लावलेला, अगदी त्या घरच्या बाईशी बोलतानासुद्धा! अनोळखी वहिनीला कोण "बे" म्हणेल? काहींनी मागे म्युझिक टाकलं होतं, काहींनी फिल्टर. एकाने तर सीनच पाठवला नाही, नुसती पाच मिनिटांची शोरील, म्हणजे जुन्या कामांचे तुकडे जोडलेला व्हिडिओ, तीही मोटरसायकलवरून स्लो मोशनमध्ये येतानाच्या शॉटने सुरू होणारी. मेहनत असते हो त्यात, मला दिसते ती, पण मला त्या क्षणी त्या वसुलीवाल्याला बघायचं असतं.

क्यू देणाऱ्याचा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचणाऱ्याचा, एक वेगळाच प्रॉब्लेम असतो आणि तो फार कॉमन आहे. मित्र फोनला चिकटून उभा राहतो आणि क्यू देतो, माईक त्याच्या तोंडाशी, त्यामुळे त्याचा आवाज धाडधाड येतो आणि ॲक्टर लांब विहिरीतून बोलल्यासारखा. क्यू देणाऱ्याने फोनच्या जरा मागे, एका बाजूला उभं राहून हळू आवाजात वाचायचं, आणि ॲक्टरने लेन्सच्या शेजारी त्याच्याकडे बघायचं, लेन्समध्ये नाही. डोळे दिसले पाहिजेत. फोन आडवा, उजेड समोरून, खिडकी असली तर तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं, पंखा बंद. याला काही खर्च येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ टाकला की क्वालिटी जाते. आणि ड्राइव्हची लिंक असेल तर ती सगळ्यांना उघडेल अशी ठेवा, त्या दिवशी कितीतरी लिंका परवानगी मागत बसल्या आणि आम्ही पुढे गेलो. दुसरं काय करणार, डिरेक्टर शेजारी बसलेला असतो.

चारच्या सुमारास वडशाहून टेप आली. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचं मोठं केंद्र. तिकडे दिवाळीनंतर सीझन सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो, गावोगावी रात्रभर प्रयोग, मांडवात हजारोंनी माणसं. तिकडच्याच परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याकडे पुण्या-मुंबईत बऱ्याच जणांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. तर हा तिथला माणूस, चाळिशीचा. ब्रीफ गेल्यावर त्याने एकच मेसेज केला होता, "मॅडम, गाव कोणत्या तालुक्यातलं पकडू? आमची झाडीबोली वेगळी पडते, यवतमाळकडची वेगळी." एवढ्या मेसेजमध्ये हा प्रश्न विचारणारा तो एकटाच. मी तेव्हाच त्याचं नाव कागदावर लिहून ठेवलं होतं.

इंट्रो साधा. नाव, वय, उंची, कुठे राहतो, कुठल्या तारखा मोकळ्या, दोन्ही बाजूंनी चेहरा, संपलं. मग सीन. मला वाटलं होतं रात्रभर मांडव गाजवणारा माणूस, आवाज मोठा लागणार. पण तो फ्रेममध्ये आला आणि काही बोललाच नाही. खांदा जरा खाली गेला, म्हणजे चपला काढल्या, पाय दिसतच नव्हते पण कळलं. मानेवरचा घाम पुसला. घरात आत बघितलं, कुणी आहे का ते. आणि मग म्हणाला, "भाऊ आहेत का घरात?" इतकं साधं की आमच्या टीममधला पोरगा कम्प्युटरवर टाईप करत होता तो थांबला.

क्यू त्याची बायको देत होती बहुतेक, सपाट आवाजात, वाचल्यासारखी. पण तो ते प्रत्येक वाक्य ऐकत होता, पुढे आपलं वाक्य आहे म्हणून ताटकळत नव्हता. सीनमध्ये ती म्हणते, "बैल विकले परवा." बाकी सगळ्यांनी त्यावर लगेच "मग पैसे कुठे गेले?" असं दणकन विचारलं होतं, कागदावर तसंच आहे. याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. गोठा जिथे असेल त्या दिशेला एकदा बघितलं. आणि मग तेच वाक्य, अगदी खालच्या आवाजात, की विचारायची लाज वाटतेय पण विचारावं तर लागणार. एक शब्द बदलला नव्हता त्याने.

डिरेक्टर म्हणाला, "परत लाव गं." परत लावली. मग म्हणाला, "फोन कर याला."

आणि फोन एका मिनिटात लागला, कारण फाईलच्या नावातच सगळं होतं, त्याचं नाव, रोल, गाव, मोबाईल. हे मी इतक्या आवर्जून सांगतेय कारण त्याच दिवशी अजून एक टेप आवडली होती, विशीतला मुलगा, दुसऱ्या एका रोलसाठी मस्त, पण फाईलला नुसते आकडे, कुणीतरी कुणाची तरी फॉरवर्ड केलेली, इंट्रो नाही, नाव नाही. आमच्या पोरांनी दोन दिवस शोधलं. नाही सापडला. तो रोल दुसऱ्याने केला. मला आजही त्याची चुटपुट आहे.

वडशाच्या भाऊंना मी फोनवर विचारलं की दादा, तुम्ही तो चिडलेला का नाही केला? तर म्हणाले, "मॅडम, त्याले बी वरच्या साहेबाले जवाब द्या लागते ना. तो काय हौशेनं थोडी आला." आणि लगेच पुढे जरा चाचरत, ऑडिशनचे काही पैसे भरावे लागतात का? नागपुरात कुणीतरी त्यांच्याकडून रजिस्ट्रेशन म्हणून पैसे घेतले होते. मला इतका राग आला. ऑडिशनला पैसे लागत नाहीत, कधीच नाहीत, जो मागतो त्याचा नंबर सरळ ब्लॉक करा, मग तो कितीही मोठी नावं घेऊ दे.

ते विदर्भ एक्सप्रेसने आले, सकाळी दादरला उतरून थेट लूक टेस्टला. शूटच्या दिवशी पेनचं टोपण डिरेक्टरने तसंच ठेवलं, त्याचा वेगळा क्लोजअपही घेतला. नंतर लगेच आमच्याकडे अजून एक काम आलं, रोल मोठा होता, मी आधी त्यांनाच फोन केला. म्हणाले, "दिवाळीनंतर नाटक मंडळाच्या तारखा लागल्या मॅडम, गावाले शब्द देऊन राहिलो, होळीनंतरचं असंल तर सांगा." मी डिरेक्टरला सांगितलं, तो म्हणाला शेड्यूल अजून बनायचंय, त्यांचे सीन मार्चनंतर ढकलू.