तुम्ही विचारलंत म्हणून: चारचा रकाना

नाताळात फराळाचं ताट शेजारी दिलं की काकू करंजी मोडता मोडता हमखास विचारतात, "दोन हजार वर्षं झाली की हो सिस्टर. तुमचा येशू परत येणार, परत येणार म्हणता. कंटाळा कसा येत नाही?" वॉर्डातल्या पोरींनीही विचारलंय. भाच्याने तर जरा खवचटपणेच, "आत्या, तुमचा प्रभू लेट आहे का गं?" दर वेळी "येईल तेव्हा येईल" म्हणून मी वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

कंटाळा येतो. झोपसुद्धा येते.

मी 31 वर्षं नर्सिंग केलं, त्यातली निम्मी नाइटला. बारापर्यंत धावपळ असते, दोनला चहा. खरी परीक्षा तीन ते पाच. नातेवाईक बाकाखाली चादर ओढून झोपलेले, पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येते, आणि सलाइनचे थेंब मोजताना आकडा हरवतो. बायबलातल्या स्तोत्र 130 मध्ये म्हटलंय की पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, त्याहून माझा जीव प्रभूची वाट पाहतो. पहारेकऱ्यांची ही ओळ तिथे लागोपाठ दोनदा येते. लहानपणी मला ती छापणाऱ्याची चूक वाटायची. पहिल्या महिन्याची नाइट झाली आणि कळलं. चार वाजता माणूस घड्याळात बघतो, बराच वेळ गेला असं वाटून पुन्हा बघतो, तर चार वाजून सात मिनिटं.

अशाच एका रात्री ऑपरेशन झालेल्या बाईचा पल्स आणि बीपी दर तासाला बघायचा होता. तीनचा घेतला. टेबलावर डोकं टेकलं ते पाचला उचललं. चार्टवर चारचा रकाना कोरा. मी तीनचे आकडे बघितले, किंचित इकडेतिकडे केले आणि लिहिलं: पल्स 84, बीपी 110/70. बाईला काही झालं नाही. सकाळी सही झाली, कुणाला पत्ताही नाही.

त्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी नेमका दहा कुमारींचा दाखला घेतला, रात्री दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा जणींची येशूने सांगितलेली गोष्ट. पाच शहाण्या, पाच मूर्ख, तेल, बंद दार, आम्हाला पाठ. पण त्या दिवशी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय मांडीवर उघडा होता आणि माझी नजर एका वाक्यावर अडकली. वराला उशीर लागला तेव्हा डुलक्या सगळ्यांनाच लागल्या. दहाही जणींना. शहाण्यासुद्धा झोपल्या होत्या! वर आल्यावर त्यांना कुणी झोपेबद्दल बोललं नाही. मग मला टोचत होतं ते काय? डुलकी नव्हेच. तो भरलेला रकाना.

सोमवारी मी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. लाल पेनाने माझे आकडे खोडले, शेजारी 'नोंद घेतली नाही' लिहून माझी सही घेतली आणि म्हणाल्या, "रिकामा रकाना बघून डॉक्टर सावध तरी होतात. तू त्यांना निर्धास्त केलंस." पुढचे पंधरा दिवस मला परत नाइट.

जागं राहणं म्हणजे आभाळाकडे टक लावणं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलं. तारखा काढणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशू परत येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती, आणि 23 तारीखही उजाडली. अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर असले हिशेब येतात, मी डिलीट करते. मत्तयाच्याच 24व्या अध्यायातला विश्वासू दास धनी येतो तेव्हा काय करत असतो? घरच्यांना वेळेवर जेवण देत असतो. दाराशी उभासुद्धा नसतो. मला तर हे सहाच्या गोळ्या सहाला देण्यासारखंच वाटतं.

31 डिसेंबरला आम्ही वॉच नाइटला, म्हणजे रात्री जागून करायच्या उपासनेला जमतो, पोरं सतरंजीवर आडवी होतात. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 18व्या शतकात इंग्लंडमध्ये या जागरणांना पौर्णिमेजवळचा शुक्रवार निवडला होता, लोकांना रात्री घरी परतताना उजेड असावा म्हणून. मला तो माणूस तेवढ्यासाठी आवडतो.

आता माझं. धाकटा भाऊ वाटणीवरून भांडून गेला त्याला 12 वर्षं झाली. फोन लागत नाही. त्याच्यासाठी रोज रात्री प्रार्थना करायची असं ठरवून मी वही घातली. सुरुवातीला रोज बरोबरची खूण. मग लक्षात आलं, मी झोपायच्या आधी खूण करते आणि प्रार्थना राहूनच जाते. पुन्हा तोच चारचा रकाना. आता ज्या रात्री तोंडातून त्याचं नाव निघालं नाही, तिथे मी लाल पेनाने 'नाही' लिहिते. कधी रागाने मुद्दाम घेतलेलं नसतं, तेही लिहिते. गेल्या महिन्यात नऊ 'नाही' आहेत.

काकूंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, लाल खुणा मोजल्या आणि विचारलं, "नाव काय म्हणालात भावाचं? मीही घेत जाईन, आमच्या देवापाशी."