चौदा आडवा आणि एक ‘च्या’

फराळाचे डबे घासून माळ्यावर गेले, आकाशकंदील उतरला, पण त्या ‘च्या’चा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहून टाकते.

आमचं चौघांचं मंडळ आहे. मी, तळमजल्यावरचे काका, त्यांची अकरावीतली नात आणि दादरहून रोज रात्री नऊ वाजता फोनच्या स्पीकरवर येणारी माझी मावशी. आम्ही गूढ शब्दकोडी सोडवतो. ‘कमळाला दुसरा शब्द, तीन अक्षरी’ या जातीची नव्हेत. ती काका चहा गाळेपर्यंत भरून टाकतात. गूढ कोड्यातलं सूत्र सांगतं एक आणि त्याच्या मनात असतं दुसरंच. सूत्राच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात शब्दांचा खेळ, आणि दोन्हींचं उत्तर एकच यावं लागतं. माझी सगळ्यात आवडती जात लपलेल्या उत्तरांची. तिथे उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर छापलेलं असतं आणि तरी दिसत नाही.

उदाहरण देते, म्हणजे पुढचा राग समजेल. ‘एक डबा उघडला, आत गुरांचे जेवण (३)’. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं. आम्ही पेंड म्हटलं, वैरण म्हटलं, मावशीने तर गोग्रासापर्यंत मजल मारली. उत्तर कडबा. ‘एक डबा’मधला ए उडवा आणि मधली जागा बुजवा. ‘उघडला, आत’ म्हणजे इथेच शोध, असा इशारा. आत, पोटात, गर्भात, दडलेला असं काही दिसलं की आधी शेजारच्या शब्दांमधल्या मोकळ्या जागा पुसून पाहायच्या. विस्कटला, बिघडला असेल तर अक्षरांची उलथापालथ. माघारी फिरला असेल तर उलटं वाचायचं. बिनडोक म्हटलं की पहिलं अक्षर उडवायचं.

काका संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेले. लपलेल्या उत्तराचं सूत्र आलं की त्यांना ते जुनं सुभाषित म्हटल्याशिवाय राहवत नाही. ‘कं बलवन्तं न बाधते शीतम्?’ कुठल्या बलवानाला थंडी बाधत नाही? उत्तर प्रश्नातच आहे: ‘कं’ आणि ‘बलवन्तं’ जोडा. कंबलवन्तं, म्हणजे ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला. याला अंतर्लापिका म्हणतात. काकांचं म्हणणं, हे इंग्रजांनी आपल्याकडून नेलं. तसं काही नाही. शब्दकोडं पहिल्यांदा छापलं आर्थर विन यांनी, २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये, हिऱ्याच्या आकारात, आणि गूढ सूत्रांचं वेड पुढे इंग्लंडात वाढलं. पण काकांशी वाद घातला की चहा उशिरा मिळतो.

तर यंदा एका दिवाळी अंकात (नाव घेत नाही, वर्गणी भरलेली आहे) तेरा बाय तेराचं गूढ शब्दकोडं आलं. बेचाळीस सूत्रं. अट अशी की नुसती उत्तरं चालणार नाहीत, प्रत्येक उत्तराची फोडही लिहून पाठवायची. म्हणजे कडबा लिहिलं तर तो कुठून निघाला तेही लिहायचं. मुदत ३० नोव्हेंबर. आमचाही असाच नियम आहे. कारण सांगता येत नसेल तर उत्तर पेन्सिलीनेसुद्धा भरायचं नाही. हा नियम काकांचा, आणि याच नियमाने आमचा घात केला.

धनत्रयोदशीला अंक आला, भाऊबीजेपर्यंत एकेचाळीस सूत्रं झाली होती. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ‘हात व तबल्याचा आरंभ, दात मात्र सुताराकडे (४)’ हे मी एकटीने सोडवलं एवढं नमूद करते. हात म्हणजे कर, मग व, मग तबल्याचा त. करवत.

उरलं चौदा आडवा. अंकात ते असं छापलं होतं:

‘अहिल्यानगरच्या जवळ आले, पोटात निकड (३)’

तीन घरं. मधल्या घरात माझ्या करवतीचा र. बाजूच्या दोन घरांतून एकही उभा शब्द जात नव्हता.

पहिल्याच रात्री मावशी फोनवर म्हणाली, “गरज असेल गं. निकड म्हणजे गरजच की.”

काका म्हणाले, “फोड?”

“फोड नाही सुचत, पण गरजच.”

“मग नाही.”

आणि आम्ही शोधायला लागलो. अहिल्यानगरच्या जवळचं गाव असेल म्हणून भिंगार काढलं. तीन घरं बरोबर, पण मधे गा. राहुरीचंही तेच, मधे हु. मग मला वाटलं, गाव नसेलच, ‘अहिल्या’च्या जवळचा कोणी असेल. गौतम! तीन घरं! मधे त. शिळा दोन घरांची, चौंडीही दोनच. नातीने प्रश्न काढला की मूळ शब्द अहल्या, मग त्या ‘हि’वर काही खेळ आहे का. त्या ‘हि’वर आमचे दोन दिवस गेले. मी ऑफिसात जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर अ, हि, ल्या, न, ग, र, च्या, ज, व, ळ असं ओळीने लिहून काढलं आणि प्रत्येक तीन-तीन अक्षरं वाचली. हिल्यान. ल्यानग. रच्याज. साहेबांनी विचारलं, हे कुठलं खातं आहे.

रोज नऊ वाजता फोन, रोज चौदा आडवा. मावशी दर दोन दिवसांनी “गरज” म्हणायची आणि आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करायचो. नातीने मोबाईलवर वाचून दाखवलं की १९४२ साली लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर बोलावलं. “आपल्याला किती दिवस झाले, आजोबा?” काकांनी चष्मा पुसला. अकरा झाले होते.

मग मी ती चूक केली, अंकाच्या कार्यालयात फोन लावला. पहिल्यांदा कळलं, दिवाळीची सुट्टी, सोमवारी करा. सोमवारी फोन जाहिरात विभागात गेला. त्यांनी मला पुढच्या वर्षीच्या पाव पानाचा दर सांगितला. बुधवारी एका गृहस्थांनी उचलला. मी नम्रपणे म्हटलं, उत्तर विचारत नाहीये, फक्त चौदा आडवा छापताना काही राहिलं, काही चुकलं, असं झालंय का एवढंच सांगा.

ते म्हणाले, “मॅडम, कोडं सोडवायचं असतं. विचारायचं नसतं.”

“पण छपाईची चूक...”

“आमच्याकडे प्रूफं दोनदा वाचतात.”

फोन ठेवला. दोनदा वाचतात, हे खरंच होतं. ते पुढे कळलंच.

मधेच एक सांगायचं राहिलं. असं कोडं करायला घेतलं तर ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं आधी मिटवून घ्या. नातीने आमच्यासाठी एक सूत्र रचलं होतं, ‘इसम विस्कटला, देवापुढे जळत राहिला (३)’. उत्तर समई. सुंदर. काकांनी बाद केलं, कारण इसमाचा इ ऱ्हस्व आणि समईची ई दीर्घ. दोन दिवस अबोला. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळ्यासकट. आडव्या शब्दात ‘कि’ आणि उभ्यात ‘की’ असली तर ते घर कुणाचं, यावर मंडळं फुटू शकतात. आमचा निकाल असा की काना-वेलांटी जशीच्या तशी जुळलीच पाहिजे. नातीला तो मान्य नाही. मलाही आतून नाही.

एकोणिसाव्या रात्री लाईट गेले होते. मावशीचा फोन लागला नाही. कोड्याचा कागद दिसत नव्हता म्हणून काका गोष्टी सांगायला लागले. त्यांचं घर मूळचं संभाजीनगरचं, नोकरी पुण्यात. शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला जायच्या कितीतरी आधीपासून ते शनिवारी संध्याकाळी एसटी धरायचे. शिरूर गेलं, सुपे गेलं की चहा प्यायलेल्या सगळ्या गाडीची चुळबुळ सुरू व्हायची. काका म्हणाले, “कंडक्टरने नुसतं ‘नगर जवळ आलं’ म्हटलं ना, की लोक उठून दाराशी उभे. पोटात कळा, दुसरं काय.”

अंधारातून नात म्हणाली, “आजोबा, परत म्हणा.”

“काय? पोटात कळा?”

“त्याच्या आधीचं.”

“नगर जवळ आलं.”

“नगर जवळ. नगरजवळ. न, ग-र-ज, वळ!”

कोणी काही बोलेना. मग काका हळूच म्हणाले, “आई गं.”

छापील सूत्रात ते नव्हतंच. कोडेकाराने लिहिलं असणार, ‘नगर जवळ आले, पोटात निकड’. किती स्वच्छ सूत्र! वाचणाऱ्याला एसटीतला प्रवासी दिसावा आणि ‘नगर जवळ’च्या पोटात गरज शांत बसलेली असावी. मग पहिलं प्रूफ वाचणाऱ्याने नाव अद्ययावत केलं, नगरचं अहिल्यानगर केलं. त्याने काही बिघडलं नव्हतं. अहिल्यानगर जवळ म्हटलं तरी गरज जागची हलत नाही. दुसऱ्याने मात्र व्याकरण सुधारलं आणि मधे ‘च्या’ घातला. न, ग, र, च्या, ज. गरजेच्या बरोब्बर मधोमध.

आणि ते व्याकरणही चूकच! ‘नगर जवळ आले’ या वाक्यात नगर कर्ता आहे. तेच आलं, ते जवळ आलं. जवळ इथे क्रियाविशेषण आहे, शब्दयोगी नाही. त्याला ना जोडून लिहायची गरज, ना ‘च्या’ची. (गरज हा शब्द मला आता साधेपणाने वापरता येत नाही.) ‘कं बलवन्तं’ या गृहस्थांच्या हाती पडलं असतं तर त्यांनी तिथेही एखादा प्रत्यय लावून दिला असता आणि बलवान माणूस हजारेक वर्षं कुडकुडत बसला असता.

लाईट आल्यावर मावशीचा फोन लागला. ती एवढंच म्हणाली, “मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?” ते ती अजून म्हणते आहे. लग्नाकार्यात म्हणते. तेव्हा कुणी फोड नसलेलं पण पटणारं उत्तर सांगितलं तर पेन्सिलीने भरून ठेवा, एवढं माझं ऐका.

दुसरा सल्ला, सूत्र मोठ्याने वाचा. डोळा मोकळी जागा पाळतो, कान पाळत नाही. आणि कागदाकडे न पाहणाऱ्या एखाद्याला जवळ बसवा.

पत्र मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. बेचाळीस उत्तरं, बेचाळीस फोडी, चौदा आडव्यापुढे नम्र टीप: ‘मूळ सूत्र नगर जवळ आले असे असावे.’ खाली चौघांची नावं, वयाच्या क्रमाने. स्पीड पोस्टाने १४ नोव्हेंबरला गेलं. डिसेंबरात उत्तरं जाहीर झाली. ‘१४ आडवा: गरज (न-गर ज-वळ)’. चुकीबद्दल एक अक्षर नाही. बिनचूक उत्तरं पाठवणाऱ्यांच्या यादीत आमची नावंही नाहीत.

पुन्हा फोन. तेच गृहस्थ. माझं पत्र त्यांना सापडलं, हे मान्य केलं पाहिजे. म्हणाले, उत्तरं सगळी बरोबर आहेत, पण एका प्रवेशिकेवर एकच नाव चालतं, नियम क्रमांक सात. मी अंक उघडला. होता नियम. कोड्याखाली, बारीक टाइपात. त्यात एकही चूक नव्हती.

काकांना सांगायला खाली गेले तेव्हा नात अंकाच्या समासात काहीतरी लिहीत होती. तिने कागद आजोबांसमोर सरकवला: ‘तुमचा वडीलधारा, आत गावाची बैठक (३)’.

काकांनी ते आधी मनात वाचलं, मान हलवली. मग मोठ्याने वाचलं. मग न थांबता, घाईघाईने, एका दमात वाचलं आणि चहाचं आधण ठेवायला उठले.