इंजिन उतरवायच्या आधी गेज लावा

जुन्या गाडीवर घरीच काम करणाऱ्यांचं एक कायमचं असतं, गाडी थोडं ऑइल खायला लागली, पिकअप गेला, सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की लगेच "इंजिन संपलं, आता दुसरं बसवूया" सुरू होतं. इच्छा मला पूर्ण समजते, चेन पुलीवर लटकलेलं इंजिन बघायला मलाही जाम आवडतं. पण इंजिन संपलं की नाही हे धूर बघून आणि आवाज ऐकून ठरवू नका हो, सिलिंडरमधला दाब मोजणारा गेज लावून ठरवा. एवढंच सांगायला ही पोस्ट लिहितोय.

धूर काही सांगत नाही असं नाही. रात्रभर उभी असलेली गाडी चालू केल्यावर एकदा भपकन निळा धूर आला आणि मग थांबला, किंवा उतारावर पाय सोडून परत रेस दिली की येतो, तर संशय वॉल्व्हच्या सीलवर (वॉल्व्हवरून ऑइल आत गळू न देणारं रबर) घ्यायचा. रेस देताना, लोड असताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. पांढरा धूर थांबतच नाही, त्याला गोडसर वास आहे आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला पातळ थर) बघा. पण हा नुसता संशय झाला, याच्यावर इंजिन खोलायचं नसतं.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजणं, घरी सहज होते. इंजिन गरम करा, सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल सप्लाय बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा (हे बरेच जण विसरतात आणि मग सगळेच आकडे कमी येतात), बॅटरी फुल चार्ज पाहिजे, आणि प्लगच्या भोकात गेज लावून स्टार्टरने प्रत्येक सिलिंडरला सारखेच स्ट्रोक द्या. बहुतेक पेट्रोल इंजिनांना 120 ते 180 पीएसआयच्या (दाबाचं माप) मधे काहीतरी येतं, पण त्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त महत्त्वाचा, 10-15 टक्क्यांच्या वर गेला की काहीतरी गडबड आहे. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि परत घ्या. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासलाय, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकत्र पडले असतील तर त्या दोघांच्या मधलं गॅस्केट गेल्याची शक्यता खूप असते. डिझेलला मात्र हा पेट्रोलचा गेज लावायचा नाही, तिथलं प्रेशर दुपटीच्याही वर जातं.

त्याच्याही पुढची, माझी सगळ्यात आवडती टेस्ट म्हणजे लीकडाउन, यात सिलिंडरमधून हवा कुठून गळते ते शोधायचं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणायचा, प्लगच्या जागी दाबाची हवा सोडायची आणि नुसतं ऐकत बसायचं. हवा इनटेककडून फुसफुसली तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइल टाकायच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा क्रॅक. इंजिन न खोलता आतलं सगळं कळतं, मला याचं दरवेळी तितकंच अप्रूप वाटतं.

आणि बघा, नुसते वॉल्व्ह सील गेले असतील तर बऱ्याच इंजिनांना हेडसुद्धा काढावं लागत नाही. प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर देऊन किंवा सिलिंडरमध्ये नायलॉनची दोरी भरून पिस्टन वर आणायचा, वॉल्व्ह खाली पडत नाहीत, वरच्यावर स्प्रिंग काढून सील बदलता येतात. ज्या इंजिनाला लोक भंगारात काढायला निघाले होते त्याचं काम कधीकधी एवढंच निघतं.

हेड काढावंच लागलं तर इंजिन थंड असताना काढा, बोल्ट बाहेरून आतल्या बाजूला थोडे थोडे सोडत या, नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. ठराविक जोराने (टॉर्क) आवळून मग आणखी ठराविक अंश फिरवायचे जे बोल्ट असतात ते ताणले जातात, ते परत वापरू नका. आणि प्लीज, जुनं गॅस्केट काढायला ग्राइंडरला घासायची डिस्क लावू नका, एक तर ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि दुसरं म्हणजे तिची पावडर ऑइलमध्ये जाऊन बेअरिंगा खाते. प्लास्टिकचा स्क्रेपर आणि संयम, बस. मग सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेड तपासायचं, वाकलेलं असेल तर फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्यायचं.

आता एवढं सगळं करून इंजिन खरंच गेलंय हे कळलं, तर मग खुशाल बदला. पण बदलतानाही आधी मोजमाप. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण मला फार पटतं. ब्यूकने 1961 साली 3.5 लिटरचा ॲल्युमिनियम व्ही8 आणला होता, तो पुढे रोव्हरने घेतला, आणि 1973 मध्ये कंपनीनेच तो एमजीबी जीटीमध्ये बसवला. आठ सिलिंडर असूनही तो जुन्या लोखंडी चार सिलिंडरपेक्षा जड नव्हता, त्यामुळे गाडीचं नाक खाली गेलं नाही. आजही लोक छोट्या गाड्यांमध्ये शेवरलेचं एलएस इंजिन घालतात त्यामागे नुसती ताकद नाहीये, कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड लहान राहतात आणि 5.7 लिटरचं असूनही इंजिन अंगाने आटोपशीर आहे.

इंजिन बॉनेटखालच्या जागेत बसलं की काम संपलं असं वाटतं, पण माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं. ऑइलचा चेंबर क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) लागतो का, स्टिअरिंग शाफ्ट एक्झॉस्टला घासतो का, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळतात का, हे सगळं वेल्डिंगच्या आधी बघायचं. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन घालताय तर जुना पंप चालणार नाही, कार्ब्युरेटरला 0.3 बारच्या आसपास लागतं आणि इंजेक्शनला साधारण 3 बार, म्हणजे पाइप आणि क्लिपसुद्धा त्या प्रेशरच्याच लागणार, यात तडजोड केली तर आग लागते. शक्य असेल तर अख्खी डोनर गाडी (जिच्यातून इंजिन काढायचं ती) घ्या, कारण ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), हार्नेस (वायरिंग), सेन्सर, इमोबिलायझर आणि चावी हे एकमेकांशी जोडलेले असतात, नंतर एकेक शोधताना जीव जातो. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी नक्की लावा, ती राहिली तर स्टार्टरचा करंट क्लच किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. गिअरबॉक्स बोल्ट आवळून कधीच ओढून बसवायचा नाही, हाताने पूर्ण टेकला पाहिजे, ऑटोमॅटिकला तर टॉर्क कन्व्हर्टर आत नीट बसला नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळले तर पंप तुटतो. आणि ताकद वाढवलीत तर ब्रेकही वाढवा.

टायमिंग बेल्ट टाकल्यावर पान्याने हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून बघा, कुठे अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर मारायचा, ऑइल प्रेशर आलं की मगच प्लग बसवायचे. जुन्या पद्धतीचा फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर रोलर नसून सपाट तुकडा घासतो) नवीन टाकला असेल तर त्याला आयडलवर ठेवू नका, चालू झाल्या झाल्या 2000 आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं ठेवायचं, ऑइल जास्त झिंकवालं वापरायचं, कारण कमी आरपीएमला कॅमवर पुरेसं ऑइल उडत नाही. त्यानंतर ऑइल बदलून जुना फिल्टर कापून बघा, आतल्या कागदात चमकणारा कचरा किती आणि कसला आहे त्यावरून बेअरिंगांची खबर मिळते. आणि हो, इंजिन नंबर बदलतो, तेव्हा गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले नियम इंजिन विकत घ्यायच्या आधी विचारून या, बसवल्यावर नको.