बोलायला शिकवण्यासाठी चार वर्षे?

इंदूरच्या मराठी घरांत हळदीकुंकवाला किंवा गणपतीच्या आरतीला गेले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. या वर्षी तो रामबागेतल्या एका काकूंनी, हातात पोह्यांची बशी देता देता, अगदी आपुलकीने विचारला: "अगं, बोलायला तर प्रत्येक आई शिकवते. त्यासाठी तुला चार वर्षे कॉलेजात कशाला घालवावी लागली?" तेवढ्यात आरती सुरू झाली आणि उत्तर राहून गेले. काकू, तुम्ही विचारलेत म्हणून ते आता सावकाश लिहिते.

आमच्या पदवीला बीएएसएलपी म्हणतात, म्हणजे ऑडिओलॉजी (ऐकण्याचे शास्त्र) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (वाचा आणि भाषेतले दोष) या दोन विषयांची मिळून एक पदवी. बारावी विज्ञान शाखेतून झाल्यावर तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. त्या परिषदेला १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला आणि तिच्या नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. आम्ही डॉक्टर नाही. औषध लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही, आणि कानातून पू येत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच पाठवतो. ऐकणे आणि बोलणे हे दोन विषय एकत्र का, असे मलाही पहिल्या सत्रात वाटले होते, कारण एका तासाला ध्वनिलहरींचे गणित आणि पुढच्या तासाला भाषाशास्त्र, हा संसार काही केल्या जुळत नव्हता. पुढे रुग्ण समोर आल्यावर तो आपोआप जुळला, कारण जे कानावर कधी पडलेच नाही ते तोंडून येण्याचा संभवच नसतो. पदव्युत्तर पातळीवर मात्र बहुतेक ठिकाणी दोन्ही वाटा वेगळ्या होतात आणि एक निवडावी लागते.

चार वर्षे कशात जातात हे सांगायचे तर मास्किंगपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण या एका प्रकरणाने माझी झोप उडवली होती. श्रवणचाचणी बाहेरून फार सोपी दिसते: माणसाला शांत खोलीत बसवायचे, हेडफोन लावायचे, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवायचे, त्याने बटण दाबायचे आणि आम्ही कागदावर खुणा करायच्या. अडचण अशी की एका कानात दिलेला सूर पुरेसा मोठा झाला की तो कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानापर्यंत पोहोचतो. साध्या हेडफोनने साधारण ४० डेसिबलच्या फरकानंतर हे घडू शकते, आणि कानामागच्या हाडावर कंपक लावून तपासले तर जवळजवळ काहीच फरक लागत नाही. म्हणजे उजवा कान पूर्ण निकामी असला तरी चांगला डावा कान त्याच्या वतीने ऐकतो, माणूस प्रामाणिकपणे बटण दाबतो, आणि आपण उजव्या कानात थोडे ऐकू येते असे लिहून मोकळे होतो. हे टाळण्यासाठी चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते, यालाच मास्किंग म्हणतात. ती कमी पडली तर तो चोरून ऐकतो, आणि जास्त झाली तर हाडातून उलट येऊन तपासायच्या कानालाच झाकते. या दोहोंमधली जागा शोधायला एक सबंध सत्र गेले, आणि ती अजूनही प्रत्येक रुग्णागणिक नव्याने शोधावी लागते.

दुसऱ्या वर्षी मी एक चूक केली, ती सांगितल्याखेरीज हे उत्तर पुरे होणार नाही. पाच वर्षांचा एक मराठी मुलगा बोबडे बोलतो म्हणून आणला होता. त्याला चित्रे दाखवून मी शब्द म्हणवून घेतले. तो बाळाला 'बाल', केळ्याला 'केला' आणि फळाला 'फल' म्हणत होता. मी उत्साहाने 'ळ'च्या जागी 'ल' असा दोष नोंदवला आणि सहा आठवड्यांचा सराव आखला. आमच्या बाईंनी तो कागद वाचून एवढेच विचारले, "त्याची आई काय म्हणते?" मी बाहेर जाऊन त्याच्या आईशी पाच मिनिटे गप्पा मारल्या. तीही 'शाला' आणि 'फल'च म्हणत होती, कारण तिचे सगळे शिक्षण हिंदीतून झाले होते आणि प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. घरात स्वच्छ 'ळ' फक्त आजींच्या तोंडी होता. मुलगा जे ऐकत होता ते बरोबर बोलत होता, आणि मी त्याच्या घराच्या बोलीला आजार ठरवले होते. खरा दोष त्याच्या 'क' आणि 'ग'मध्ये होता. त्यांच्या जागी तो मध्येच 'त' आणि 'द' म्हणे, पाच वर्षांच्या वयाला हे सुटायला हवे होते, आणि 'ळ'च्या नादात मी त्याकडे नीट पाहिलेच नव्हते. (आजींचे मत मात्र असे पडले की 'ळ'सुद्धा शिकवून टाकावा, फी तर दिलीच आहे.)

अभ्यासक्रमाविषयी माझी तक्रार आहे ती येथेच. पुस्तके इंग्रजीत, उदाहरणे इंग्रजी ध्वनींची, आणि सरावाला येणारी माणसे हिंदी, माळवी, निमाडी, मराठी, सिंधी बोलणारी. मराठीतला 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळा आहे हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही. मराठी माझी मातृभाषा आहे म्हणून ते मला ठाऊक होते. इंटर्नशिपला निघताना जी तयारी विद्यार्थ्याच्या हाती असायला हवी, ती इथे प्रत्येकाला स्वतःच्या कानाने जमवावी लागते.

भाषा मेंदूत कशी वसलेली असते, याचा धडा मला एका आजोबांकडून मिळाला. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली होती. आयुष्यभर कापडाचा व्यवहार हिंदीत आणि घर मराठीत. दोन भाषांच्या माणसाची आधी कोणती परत येते, यावर फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच दोन मते मांडली गेली होती: रिबो यांच्या मते आधी शिकलेली, तर पित्र यांच्या १८९५ च्या निबंधानुसार आजारापूर्वी सर्वांत वापरातली. प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्ही बरोबरीने सुधारतात, आणि या आजोबांचेही पुढे तसेच झाले. परंतु पहिल्या आठवड्यात त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हते आणि रामरक्षा मात्र सुरू करून दिली की ओळींमागून ओळी येत होत्या. घरच्यांना वाटले की ते मुद्दाम बोलत नाहीत. पाठ झालेले बोलणे आणि मनातले सांगण्यासाठी जुळवलेले बोलणे मेंदूत एकाच वाटेने जात नाही, हे त्यांना समजावणे हाच पहिल्या महिन्याचा निम्मा उपचार होता. गिळण्याच्या तक्रारीही आमच्याकडेच येतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तंबाखू-गुटख्यामुळे जीभ किंवा स्वरयंत्र गमावलेल्या माणसाला घास कसा उतरवावा हे शिकवताना बोलण्याचा विषय कितीतरी दिवस निघतही नाही.

आता काकू, तुम्ही आरतीनंतर चपला घालता घालता हळूच जे विचारलेत त्याविषयी. तुमचा नातू अडीच वर्षांचा आहे आणि पाचसहा शब्दांपलीकडे बोलत नाही. त्याचा बापही उशिरा बोलला होता, वेखंड उगाळून झाले आहे, आणि कुणीतरी सुचवले आहे की घरात मराठी, अंगणात हिंदी आणि शाळेत इंग्रजी यांनी तो गोंधळला असेल, तेव्हा मराठी बंद करावी. मराठी बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल मुके राहत नाही, आणि आजीने तिची भाषा काढून घेतली तर त्याच्याशी बोलणारे एक माणूसच कमी होते. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत.

त्याला ऐकू येते, दार आपटले की वळतो, असे तुम्ही म्हणालात. ते खरेच असेल, पण तेवढ्याने कानाची खात्री होत नाही. दार आपटल्याचा आवाज मोठा आणि खालच्या पट्टीचा असतो. 'स' आणि 'श' यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात, आणि नेमका तेवढाच भाग हरवलेले मूल हाकेला वळते, ढोलावर नाचते, मात्र त्याच्यापर्यंत शब्द अर्धेमुर्धेच पोहोचतात. तो बटण दाबणार नाही याची काळजी नको. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवले की निरोगी कान स्वतःही अतिशय बारीक ध्वनी बाहेर टाकतो. तो टिपणारी तपासणी काही मिनिटांत होते आणि मुलाला फक्त शांत राहावे लागते. गरज पडली तर झोपेत बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजणारी तपासणी, करता येते. त्यासाठी दुपारी त्याला जागे ठेवा, पोटभर जेवू घाला आणि झोपेच्या वेळेला घेऊन या. त्याच्या आईलाही बरोबर आणा, कारण या वेळी तिच्याशी मी आधी बोलणार आहे.